दूरदेशीचे दान



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत अनेक पिढ्या घडविल्या. अशा व्यासपीठावरून बोलण्याचा मान संस्थेने मला दिला, याबद्दल मी मनःपूर्वक आभार मानतो. विषय निवडण्याची मोकळीकही आपण दिलीत. त्या मोकळिकीचा लाभ घेऊन मी आज दानाविषयी, आणि विशेषतः परमुलखातील अनोळखी माणसांसाठी केलेल्या दानाविषयी, चार विचार आपणांपुढे मांडणार आहे.

हा विषय निवडण्यास एक कारण आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात देणगीचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास विचारला जातो. आपल्याच शाळेच्या वर्गखोल्यांना डागडुजी हवी आहे, आपल्याच शहरातील वस्त्यांत मुले अर्धपोटी झोपतात. असे असता कुठल्या परदेशातील भूकंपासाठी, दुष्काळासाठी किंवा युद्धात होरपळलेल्या माणसांसाठी पैसे का पाठवावेत? ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण आपल्याच भाषेतील आहे. प्रश्न गैर नाही. तो विचारणारी माणसे कंजूष नसतात. बहुधा तीच शाळेसाठी सर्वांत आधी हात सैल करतात. म्हणून या प्रश्नाला भावनेचे उत्तर देऊन भागणार नाही. दान दूर जाते तेव्हा नेमके काय घडते, पैशाचे काम कसे होते आणि ते कुठे फसते, हे नीट पाहिले पाहिजे.

आरंभ आपल्या इंदूरच्याच इतिहासापासून करू. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे नाव या नगरीत घेताना प्रस्तावनेची गरज नाही. होळकरांच्या दप्तरात दौलत आणि खासगी असे दोन स्वतंत्र हिशेब असत. दौलत म्हणजे राज्याचा पैसा आणि खासगी म्हणजे राणीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा. बाईंनी देशभर जी धर्मकृत्ये केली, त्यांचा आधार ही खासगी होती. काशीतील विश्वनाथाचे मंदिर त्यांनी १७८० साली बांधविले. गयेचे विष्णुपद मंदिर आणि सोमनाथ येथील मंदिरही त्यांचेच. यांपैकी काशी आणि गया येथे होळकरांची सत्ता नव्हती. तेथील रयत त्यांना सारा देत नव्हती, किंवा त्यांच्यासाठी तलवार उचलणारही नव्हती.

हे दान धार्मिक स्वरूपाचे होते. आजच्या अर्थाने मदतकार्य नव्हते, हे मी जाणतो. तरीही त्यातील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या मुळाशी जातात. पहिली, बाईंनी राज्याच्या सीमेलाच कर्तव्याची सीमा मानले नाही. मात्र त्यासाठी रयतेच्या पैशाला हात न लावता स्वतःच्या खासगीतून खर्च केला. दुसरी, बांधकाम उभे करून त्या थांबल्या नाहीत. पुढील खर्च चालावा म्हणून जमिनींची आणि वार्षिक नेमणुकांची व्यवस्था लावून दिली. दान देणारा निघून गेल्यावर त्या दानाचे काय होणार, याचा विचार त्यात होता. या खासगीच्या मालमत्तांसाठी १९६२ साली इंदुरात न्यास स्थापन झाला. पुढे त्या मालमत्तांच्या विक्रीवरून वाद झाला आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने या न्यासाची सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी झाली पाहिजे असा निर्णय दिला. दोनशे वर्षांपूर्वीच्या दानाचाही हिशेब आज मागितला जातो. तो मागितला जावा, हेच योग्य आहे.

आधुनिक काळातील आंतरराष्ट्रीय मदतीचा इतिहास युरोपातील रणभूमीवर सुरू होतो. १८५९ साली सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमी सैनिक उपचारावाचून पडलेले आँरी द्युनाँ या स्विस व्यापाऱ्याने पाहिले. आसपासच्या गावांतील स्त्रियांना हाताशी धरून त्याने दोन्ही बाजूंच्या जखमींची शुश्रूषा केली. त्याच्या प्रयत्नांतून १८६३ साली जिनिव्हा येथे जी समिती स्थापन झाली, तीच पुढे रेडक्रॉस म्हणून जगाला माहीत झाली. पहिले महायुद्ध संपल्यावर एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईने ऑस्ट्रिया आणि जर्मनीतील उपाशी मुलांसाठी, म्हणजे कालच्या शत्रूच्या मुलांसाठी, लंडनमध्ये मदत मागितली. परवानगीवाचून पत्रके वाटल्याबद्दल १९१९ साली तिच्यावर खटला होऊन तिला पाच पौंडांचा दंड झाला. त्या वेळी सरकारी वकिलानेच तेवढी रक्कम तिच्या हाती ठेवली आणि ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेच्या निधीतील ती पहिली देणगी ठरली, असे सांगतात.

ही उदाहरणे श्रीमंत देशांतील आहेत. ‘त्यांच्याजवळ होते, म्हणून त्यांनी दिले,’ असे कोणी म्हणेल. म्हणून आता मी आपल्याच लोकांचे उदाहरण घेतो. त्या वेळी आपल्याजवळ संपत्ती नव्हती आणि स्वातंत्र्यही नव्हते.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चीनच्या आठव्या रूट सेनेचे सेनापती चू ते यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची विनंती केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी ३० जून १९३८ रोजी जनतेला आवाहन केले. ७ ते ९ जुलै हे दिवस चीनसाठी निधी जमविण्याचे ठरले आणि देशभरातून सुमारे २२,००० रुपये गोळा झाले. या रकमेच्या आधारावर पाच डॉक्टरांचे पथक, एक रुग्णवाहिका आणि औषधे चीनला पाठविण्याची व्यवस्था झाली. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल होते. त्यांनी स्पेनच्या यादवी युद्धातही वैद्यकीय सेवा केली होती. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे इतर चौघे. पाचांपैकी दोघे मराठी होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून बोटीने निघाले.

डॉ. कोटणीस यांची कथा आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली काढलेल्या चित्रपटामुळे ती घरोघरी पोहोचली. मी ती आज केवळ देणगीच्या अंगाने पाहणार आहे, कारण त्या बाजूकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

हे २२,००० रुपये कोणाचे होते? सभांतून, मिरवणुकांतून जमलेला तो पैसा होता. तो देणाऱ्या देशावर परक्यांचे राज्य होते आणि त्याच्या स्वतःच्या खेड्यापाड्यांत डॉक्टर मिळत नव्हता. ‘आधी पोटोबा’ हा नियम अक्षरशः पाळला असता, तर एक आणाही जमला नसता. चीनच्या युद्धाच्या मानाने ती रक्कम नगण्य होती, हेही खरे. तरी ती वाया गेली नाही, आणि त्याची कारणे शोधण्यासारखी आहेत.

पहिले कारण असे, की मदत मागणाऱ्याने जे मागितले तेच देणाऱ्याने दिले. विनंती वैद्यकीय साहाय्याची होती. डॉक्टर, औषधे आणि गाडी गेली. दुसरे कारण असे, की पैशाबरोबर माणसे गेली आणि ती तेथील लोकांच्या व्यवस्थेत मिसळली. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. पुढे काहीजण प्रकृतीच्या किंवा अन्य कारणांनी परतले. कोटणीस आणि बसू राहिले. कोटणीसांनी चिनी भाषा शिकून घेतली. १९४० सालच्या एका प्रदीर्घ लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, आणि त्या लढाईत आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३९ साली तेथेच सेवा करताना मरण पावले होते. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ साली कोटणीसांकडे आले.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कोटणीसांनी नुसत्या जखमा बांधल्या नाहीत. त्यांनी तेथील तरुणांना वैद्यक शिकविले आणि त्यांच्यासाठी चिनी भाषेत शस्त्रक्रियेचे पुस्तक लिहिण्यास घेतले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या आजाराने त्यांचे निधन झाले. औषधांच्या पेट्या तोपर्यंत केव्हाच संपल्या असतील, पण त्यांनी शिकविलेले हात काम करीत राहिले. त्यांची पत्नी क्वो छिंगलान परिचारिका होत्या. मुलाचे नाव त्यांनी इन्हुआ ठेवले, ज्यात ‘इन्’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. या दोन देशांत १९६२ साली युद्ध झाले आणि सीमेवरील तणाव आजही पुरता निवळलेला नाही. तरी कोटणीसांच्या समाधीवर चीनमध्ये फुले वाहिली जातात. सरकारांमधील मैत्री बदलत राहते. संकटात धावून आलेल्या माणसाची आठवण मात्र लोक जपून ठेवतात.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. देणारे म्हणून आपण पुढे झालो, तसा घेण्याचाही प्रसंग आपल्यावर आला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि परिसरात सुमारे आठ ते दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. देशातून आणि देशाबाहेरून मदत आली. जागतिक बँकेचे कर्ज मिळाले आणि ५२ गावे नव्या जागी वसविण्याचे ठरले. अनेक दानशूर संस्थांनी एकेक गाव दत्तक घेतले.

या कार्याची थोरवी मान्य करूनच त्यातील उणीवही सांगितली पाहिजे. पुष्कळ नवी गावे शहरातील वसाहतीप्रमाणे सरळ रेषांत आखली गेली. जनावरे कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, धान्य कुठे साठवायचे, शेजार कोणाचा राहणार, हे प्रश्न आराखडा काढणाऱ्यांपुढे नव्हते. ते शेतकऱ्यांपुढे होते. घर पक्के मिळाले, पण घरपण येण्यास वर्षे लागली. याउलट जी घरे जागच्या जागी दुरुस्त करून मजबूत करावयाची होती, त्यांच्या बाबतीत निराळे घडले. अशी लाखाहून अधिक घरे होती. सरकारने त्या कामी स्वयंसेवी संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या स्त्रियांना संवाद सहायक म्हणून नेमले. भिंत कशी बांधायची, हप्ता केव्हा मिळतो, सिमेंट किती लागते, हे त्या शिकल्या आणि इतरांना सांगू लागल्या. पुढे जानेवारी २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा लातूर भागातील स्त्रिया तेथे गेल्या आणि आपला अनुभव त्यांनी कच्छी भगिनींना सांगितला. घेणारीच देणारी झाली. दानाची याहून चांगली फलश्रुती मला सुचत नाही.

या ठिकाणी वस्तुरूप दानाविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. संकटाची बातमी आली, की आपण कपाट उघडतो आणि नको असलेले कपडे बांधून पाठवितो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या नागपट्टणम परिसरात अशा जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. कोळ्यांच्या कुटुंबांना त्यांचा उपयोग नव्हता. ते उचलण्यासाठी, वेगळे करण्यासाठी, हलविण्यासाठी माणसे आणि गाड्या खर्ची पडल्या. ‘घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे’ ही म्हण जणू याच प्रसंगासाठी झाली असावी. रोख रकमेचे तसे नसते. ती लवकर पोहोचते, जवळच्या बाजारात खर्च होते, तेथील दुकानदाराला आणि गवंड्याला पुन्हा उभे करते. आणि काय घ्यायचे हे ठरविण्याचा अधिकार ज्याचे गेले त्याच्याकडे राहतो.

मदत आणि विकास या दोहोंत एक भेद आहे. मदत जीव वाचविते. विकासाने पुढचे संकट सौम्य होते. या दुसऱ्या कामासाठी देणगी मिळविणे फार कठीण, कारण त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येत नाही. पण त्याचे एक उत्तम उदाहरण अहिल्याबाईंच्या जन्मभूमीतच आहे. चौंडी हे त्यांचे गाव जामखेड तालुक्यात येते. तो जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर या नावाने ओळखला जातो. त्याच जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. परदेशातील ख्रिस्ती आरोग्यसंस्थांच्या साहाय्याचा त्यास आधार होता. परंतु त्या पैशातून त्यांनी केवळ इस्पितळ बांधले नाही. गावातील, पुष्कळदा निरक्षर आणि दलित, स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकविले. आरंभी त्या भागात दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे प्रमाण तिसाच्या खाली आले. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि जगातील अनेक देशांचे आरोग्यकर्मी शिकण्यासाठी जामखेडला येऊ लागले. परदेशातून पैसा आला होता. येथून परदेशी विद्या गेली.

आता हिशेबाविषयी. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी संगीताचे दोन कार्यक्रम केले. त्या काळी सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. त्यांच्यासाठी आपणही नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावीत होतो, हे येथील ज्येष्ठांना आठवत असेल. न्यूयॉर्कच्या तिकीटविक्रीतून आलेले सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला मिळाले. परंतु ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांचे त्याहून कितीतरी मोठे उत्पन्न अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षे अडकले, कारण करमाफीची व्यवस्था आधी करून ठेवलेली नव्हती. पैसा सुटला तोपर्यंत निर्वासित केव्हाच आपल्या देशी परतले होते. हेतू निर्मळ होता, कलावंत थोर होते. एक अर्ज वेळेवर केला गेला नाही, एवढेच.

आपल्या देशात परदेशी देणग्यांसाठी १९७६ साली कायदा झाला. त्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली आणि २०२० साली तो अधिक कडक झाला. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च करण्याची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने ती रक्कम दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी झाली. गैरवापर रोखणे हा त्यामागील सांगितलेला उद्देश. पण मोठ्या संस्थेच्या आधाराने खेड्यात काम करणारे छोटे गट त्यामुळे अडचणीत आले, हेही नमूद केले पाहिजे. उलट दिशेने, म्हणजे येथून परदेशी देणगी पाठविणे, रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेमार्फत शक्य आहे. आयकरातील सवलत मात्र देशातील मान्यताप्राप्त संस्थांना दिलेल्या देणगीवरच मिळते. प्रशासकीय खर्चाकडे संशयाने पाहण्याची आपली सवयही थोडी तपासावी. जमाखर्च लिहिणारा कारकून, गाडी चालविणारा चालक, औषधांची नोंद ठेवणारी परिचारिका यांचे वेतन म्हणजे उधळपट्टी नव्हे. हिशेब हवा असेल, तर हिशेब लिहिणाराही हवा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शाळेची डागडुजी करावी की दूरच्या संकटग्रस्ताला द्यावे? माझे उत्तर असे, की ही निवड आपणांपुढे ज्या रीतीने मांडली जाते, ती रीतच बरोबर नाही. अहिल्याबाईंनी परमुलखात दिले म्हणून स्वतःच्या राज्यातील न्यायनिवाडा सोडला नाही. १९३८ साली चीनला पैसे देणाऱ्यांनी स्वराज्याची चळवळ थांबविली नाही. देण्याची सवय जवळच लागते, आणि लागली की ती कुंपण पाहात नाही. आपले माजी विद्यार्थी आज अनेक देशांत आहेत; संकट कोणत्या देशावर येईल आणि त्यात आपले कोण असेल, हे कोणी सांगावे?

म्हणून एक सूचना करून मी थांबतो. माजी विद्यार्थी संघाने आपल्या वार्षिक निधीचा एक छोटा, ठराविक हिस्सा दूरच्या कार्यासाठी बाजूला ठेवावा. शाळेचा हिस्सा आधी, हे मला मान्य आहे. पण हा दुसरा हिस्सा संकटाची बातमी येण्यापूर्वीच ठेवलेला असावा, म्हणजे घाईने कपाटे उघडावी लागणार नाहीत. देताना तीन प्रश्न विचारावेत: त्यांनी काय मागितले आहे? आपण बाजूला झाल्यावर काम कोण चालविणार? आणि हिशेब कोण, कोणाला दाखविणार? या तीन प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांनी शोधून आणावीत आणि शाळेच्या फलकावर लावावीत. ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण जमलो, त्यांनी वर्गात उत्तराबरोबर रीतही मागितली असती; उत्तरपत्रिका तपासणारे सगळेच चांगले शिक्षक ती मागतात.